सीमेपलीकडचा वकील कोणाचा?

मागच्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी डोणगावला आला होता. आमच्या वस्तीतला कायद्याची पदवी घेतलेला तो पहिलाच मुलगा. त्याचे आजोबा आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात सालदार होते. आता हा पुण्यात एका कचेरीत नोकरी करतो. काम कसले, तर परदेशातल्या मोठ्या वकील कंपन्यांचे कागद संगणकावर वाचायचे आणि कोणता कागद दाव्याच्या कामाचा, कोणता बिनकामाचा, हे ठरवून त्यावर खूण करायची. दावा अमेरिकेत चालतो आणि कागद वाचणारा मेहकर तालुक्यातला असतो. चहा झाल्यावर तो खाली मान घालून म्हणाला, "सर, सध्या मी एका कंपनीच्या बाजूचे कागद वाचतो आहे. नाव सांगता येत नाही, तशी सही दिलेली आहे. पण समोरचे लोक मजूर आहेत, आपल्यासारखेच. हे काम करणं बरोबर आहे का?"

त्याला लगेच उत्तर देणे सोपे होते. 'सोडून दे' म्हणणे सोपे, कारण पगार माझा जाणार नव्हता. 'तू तर नुसते कागद वाचतोस' म्हणणेही तितकेच सोपे होते. दोन्ही उत्तरे मी गिळली आणि विचार करून सांगतो म्हटले. मी कायदा शिकलेलो नाही. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतो. तरी प्रश्न डोक्यातून गेला नाही. आपल्या पुष्कळ वाचकांच्या घरात अजून एकही वकील नाही, परदेशाशी संबंध असलेला वकील तर दूरच राहिला. तरीसुद्धा हा प्रश्न त्यांचा आहे. वकील म्हणून आपण या व्यवहारात आत्ता शिरतो आहोत, पण पक्षकार म्हणून केव्हाच ओढले गेलो आहोत.

आधी घरची गोष्ट सांगतो. माझे वडील निरक्षर. मी चौथीत असताना आमच्या दोन एकरांच्या धुऱ्यावरून शेजाऱ्याशी वाद झाला आणि तो तालुक्याच्या न्यायालयात गेला. आमचे वकील भले गृहस्थ म्हणून ओळखले जात. फीसाठी त्यांनी कधी अडवले नाही, हेही सांगितले पाहिजे. वडिलांनी त्यांच्या छापील वकीलपत्रावर अंगठा दिला. त्या छापील मजकुरात, वकिलाला योग्य वाटल्यास त्याने तडजोड करावी, असे एक वाक्य असते. दोन वर्षांनी वडिलांना कळले की तडजोडीची पुरसीस दाखल होऊन दावा केव्हाच निकाली निघाला आणि धुऱ्यालगतची चार तासांची पट्टी शेजाऱ्याकडे गेली. "मले इचारलं नाई," एवढेच ते तेव्हा म्हणाले. आजही तेवढेच म्हणतात. पट्टीविषयी ते फारसे बोलत नाहीत.

हा प्रकार पाच कोसांच्या आतला. वकील मराठी बोलणारा, कायदा एकच आणि न्यायालय एस.टी.ने जाऊन यावे इतके जवळ. तरीही अंगठा देणारा आणि अंगठा घेणारा यांच्यामध्ये एक सीमा होतीच. ती अक्षरांची होती. मग जिथे भाषा निराळी, कायदा निराळा, न्यायालय समुद्रापलीकडे आणि वकिलाचे तोंडही पक्षकाराने पाहिलेले नाही, तिथे काय होत असेल? तालुक्याच्या वकिलाला निदान आठवडी बाजारात पक्षकार भेटतो, चार माणसांत त्याला जाब विचारतो. लाज हा नियमांच्या पुस्तकात न लिहिलेला पण फार कामाचा नियम आहे. वकील सीमेपलीकडे गेला की हा नियम मागे राहतो.

याचा सर्वांत मोठा दाखला आपल्या शेजारच्या राज्यात घडला. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. कारखाना चालवणाऱ्या कंपनीची मूळ मालक कंपनी अमेरिकेतली होती. म्हणून काही दिवसांतच अमेरिकेतले वकील विमानाने भोपाळला उतरले. प्रेते अजून उचलली जात होती आणि झोपडपट्ट्यांतून कागद फिरत होते. लोकांनी अंगठे दिले. एका आठवड्याच्या आत अमेरिकेतल्या न्यायालयात पहिला दावा दाखलही झाला होता. ज्यांच्या नावाने तो होता त्यांपैकी किती जणांना त्याचा अर्थ समजला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

या वकिलांच्या वागण्यात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. अमेरिकेत वकिलाने निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवून घेणे चालते. बहुधा तिसरा हिस्सा ठरतो. आपल्याकडे वकिलाला हे मना आहे. भारतीय वकील परिषदेच्या नियमांत, फी निकालावर अवलंबून ठेवू नये आणि मिळालेल्या रकमेत वाटा ठरवू नये, असे स्पष्ट आहे. मुंबईत वकिली करणाऱ्या एका ज्येष्ठ वकिलाने वसूल होणाऱ्या रकमेचा निम्मा हिस्सा पक्षकाराकडून लिहून घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली ते व्यवसायाला न शोभणारे वर्तन ठरवले. साध्या माणसाने असा करार केला तर तो इथे आपोआप बेकायदा होत नाही, पण वकिलाने करता कामा नये, असा त्या निकालाचा रोख होता. दुसरीकडे, अपघातात सापडलेल्या माणसाच्या दारी जाऊन काम मागणे हे अमेरिकेतल्या वकिलांच्या नियमांतही सर्वसाधारणपणे निषिद्ध आहे, आणि आपल्याकडेही आहे. म्हणजे भोपाळला आलेल्या वकिलांनी आपल्या देशाची सवलत पिशवीत घालून आणली आणि आपल्या देशाचे बंधन विमानतळावर ठेवून दिले. स्वतःच्या गावात जे करायला माणूस धजत नाही ते परगावात बिनदिक्कत करतो. वकिलाचे कसे बरोबर, कसे चूक, हे ओळखायला मला तरी याहून सोपी खूण सापडलेली नाही.

परंतु इथेच थांबलो तर आपण अर्धेच पाहिले असे होईल. त्या अमेरिकन वकिलांना तेव्हा गिधाडे म्हटले गेले आणि ते बोलणे पुष्कळांना गोड वाटले. प्रश्न असा आहे की झोपडपट्टीतल्या हमालाने, विडी वळणाऱ्या बाईने एवढ्या मोठ्या कंपनीशी लढावे तरी कशाच्या बळावर? फीला पैसे नाहीत, कागद मिळवायला पैसे नाहीत. तिसरा हिस्सा मागणारा वकील लोभी असेल, पण तो निदान दारात आला. आपला नियम स्वच्छ आहे आणि त्या स्वच्छ नियमापाशी गरीब माणूस वकिलावाचून उभा राहतो. माझे हे म्हणणे वकील मंडळींना रुचणार नाही. हिश्शाच्या कराराने वकील पक्षकाराचा भागीदार होतो आणि मग स्वतःच्या वाट्यासाठी लवकर तडजोड करतो, असे ते सांगतील. त्यात तथ्य आहे. पण ज्या वकिलाला हिस्सा नव्हता त्याने तरी काय केले, ते पाहावे.

मार्च 1985 मध्ये संसदेने कायदा करून भोपाळच्या सर्व पीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे घेतला. सरकार पालक झाले आणि पीडित पाल्य झाले. अज्ञान मुलाच्या बाबतीत पालक ठीक आहे. इथे मोठी, शहाणी, घर चालवणारी माणसे एका कायद्याने अज्ञान ठरली. सरकारने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. पुढे सरकारची मागणी 330 कोटी डॉलर्सची होती. फेब्रुवारी 1989 मध्ये 47 कोटी डॉलर्सवर तडजोड झाली आणि ज्यांच्या फुप्फुसांची ती किंमत होती त्यांना कोणी विचारले नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1989 मध्ये तो कायदा वैध ठरवताना, तडजोडीपूर्वी पीडितांना कळवायला हवे होते, हे मान्य केले. कळवले मात्र नव्हते. नंतर पाच लाखांहून अधिक लोकांचे दावे मान्य झाले. तडजोड करताना धरलेला आकडा याच्या जवळपासही नव्हता. वाढीव भरपाईसाठी केंद्राने केलेली याचिका अखेर मार्च 2023 मध्ये फेटाळली गेली.

मला माझ्या वडिलांची पुरसीस आठवते. परका वकील लोभाने अंगठा घेऊन गेला आणि आपला वकील पालकत्वाने अंगठा घेऊन गेला. पीडिताच्या बाजूने पाहिले तर दोघांत फरक किती राहतो? म्हणून वकील देशी की विदेशी, हा वाद मला दुय्यम वाटतो.

तसा तो वाद आपल्या महाराष्ट्रातच बराच गाजला आहे. 1990 नंतर काही परदेशी वकील कंपन्यांनी रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने इथे संपर्क कचेऱ्या उघडल्या. 'लॉयर्स कलेक्टिव्ह' या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. 16 डिसेंबर 2009 रोजी न्यायालयाने निर्णय दिला की वकिली म्हणजे केवळ न्यायालयात उभे राहणे नव्हे. सल्ला देणे, कागद करणे हीसुद्धा वकिलीच आणि त्यासाठी 1961 च्या अॅडव्होकेट्स अॅक्टखाली नोंदणी हवी. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 मध्ये हेच तत्त्व कायम ठेवले. परदेशी वकिलाने क्वचित येऊन आपल्या देशाच्या कायद्यावर सल्ला देऊन परत जाण्यास मात्र वाट ठेवली आणि त्यालाही आचारसंहिता लागू करता येईल असे म्हटले. मार्च 2023 मध्ये वकील परिषदेने परदेशी वकिलांच्या नोंदणीचे नियम काढले, मे 2025 मध्ये ते दुरुस्त केले. दार किलकिले झाले आहे. परदेशी वकिलाला आपल्या न्यायालयात उभे राहता येणार नाही, पण परदेशी व आंतरराष्ट्रीय कायद्यावर सल्ला देता येईल. मोठ्या कंपन्यांच्या कामाचा हा सगळा विचार आहे. ज्याचा अंगठा लागतो त्या माणसाचा विचार या कागदांत मला फारसा दिसला नाही.

कोणाला इथे बाबासाहेबांची आठवण येईल आणि ती योग्यच आहे. बाबासाहेब लंडनच्या ग्रेज इनचे बॅरिस्टर. 1923 साली त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. साम्राज्य एक असल्यामुळे लंडनची सनद मुंबईत चाले, नुसती चालेच नव्हे तर मान मिळवून देई. समुद्राची सीमा त्यांच्या आड आली नाही. आड आली ती जात. कामे देणारे सॉलिसिटर त्यांच्याकडे फिरकत नसत. महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यात ते स्वतः प्रतिवादी होते. तो दावा 1927 पासून 1937 मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत चालला. म्हणजे मेजाच्या एका बाजूला वकील म्हणून बसणे काय आणि दुसऱ्या बाजूला पक्षकार म्हणून निकालाची वाट पाहणे काय, दोन्ही त्यांनी भोगलेले होते. आपली जी मुले-मुली आज वकील होत आहेत, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घरात एखादा अंगठा असतोच. हे भांडवल लहान नाही.

आता आपल्या विदर्भातली गोष्ट. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसे मेली. फवारणीचा पंप पाठीवर घेणारा पुष्कळदा दुसऱ्याच्या वावरातला मजूर असतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. ज्या औषधांची नावे पुढे आली त्यांत 'पोलो' हे एक होते. ते विकणारी सिंजेंटा कंपनी स्वित्झर्लंडमधल्या बासल शहरातली; मालकी त्याच वर्षी चिनी कंपनीकडे गेलेली. त्यातले मूळ द्रव्य खुद्द स्वित्झर्लंडमध्ये वापरातून गेलेले होते. आपल्या औषधामुळे हे घडले, हे कंपनीला मान्य नाही, हेही नोंदवले पाहिजे.

इथे गोष्ट भोपाळपेक्षा निराळी घडली. सप्टेंबर 2020 मध्ये 51 कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडमधल्या सरकारी तक्रार मंचाकडे तक्रार गेली. शिवाय दोन मृतांच्या पत्नी आणि विषबाधेतून वाचलेला एक शेतकरी, अशा तिघांनी स्वतःच्या नावाने बासलमध्ये दाद मागितली. जून 2021 मध्ये तिथल्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल झाला. सदोष मालाच्या जबाबदारीबद्दलच्या तिथल्या कायद्यात तीन वर्षांची मुदत आहे. म्हणजे इथे फवारणीचा तिसरा हंगाम उलटण्याच्या आत तिथे अर्ज पोचायला हवा होता. यवतमाळच्या खेड्यातल्या बाईला हे कोण सांगणार? ते सांगणारे निघाले. विषबाधितांची इथली संघटना, 'पॅन इंडिया', स्वित्झर्लंडची 'पब्लिक आय', बर्लिनची मानवी हक्कांची एक संस्था आणि बासलच्या न्यायालयात उभा राहणारा तिथला वकील, अशी ती साखळी आहे.

या साखळीबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि एक शंकाही आहे. बासलच्या न्यायालयाची भाषा जर्मन. बाई बोलणार ती यवतमाळची वऱ्हाडी. तिचे बोलणे कार्यकर्ता मराठीत लिहिणार, त्याचे इंग्रजी होणार, इंग्रजीचे जर्मन होणार. "त्यायले दिसेना झालं, मंग हातपाय कापाले लागले," हे वाक्य तिथे पोचते तेव्हा त्यातले काय उरते? वाटेतला प्रत्येक माणूस प्रामाणिक आहे असे धरले तरी प्रत्येक जण थोडे छाटतो, थोडे जोडतो. उलट दिशेने येताना तर धोका अधिक. स्वित्झर्लंडमध्ये हरणाऱ्यावर दुसऱ्या बाजूच्या खर्चाचा बोजा पडू शकतो. ही गोष्ट साखळीच्या शेवटच्या कडीपर्यंत, म्हणजे ओट्यावर बसलेल्या त्या बाईपर्यंत, तिला कळेल अशा शब्दांत पोचली पाहिजे. नाहीतर बासलच्या कागदावरची तिची सही आणि माझ्या वडिलांचा अंगठा यांत फरक राहत नाही.

आणखी एक अवघड प्रसंग कल्पून पाहा. तसे तिथे घडले असे मी म्हणत नाही. कोणत्याही अशा दाव्यात घडू शकेल असा तो आहे. कंपनी म्हणते, इतके पैसे देतो, दावा काढून घ्या आणि याविषयी कुठे बोलू नका. बाईला मुलीचे शिक्षण करायचे आहे, सावकाराचे देणे आहे. वकिलाला मात्र निकाल हवा आहे, कारण तो निकाल जगभरच्या शेतमजुरांच्या उपयोगी पडेल. संस्थेलाही तोच हवा आहे. इथे वकिलाने कोणाचे ऐकावे? चळवळीचा माणूस म्हणून माझे मन निकालाकडे धावते. पण वकील त्या बाईचा आहे. तिचे दुःख जगाच्या उपयोगाचे आहे म्हणून ते तिच्या हातून काढून घेण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. चांगल्या हेतूचा वकीलही नकळत पालक होऊन बसतो आणि पालक झालेल्या वकिलाने भोपाळला काय केले ते आपण पाहिले आहे. त्याने तिला सगळे सांगावे, आपले मतही सांगावे, पुन्हापुन्हा सांगावे. ठरवावे तिने. तिने पैसे घेतले तर आपल्यापैकी कोणी तिला नावे ठेवू नयेत.

हे झाले पीडितांच्या बाजूच्या वकिलाचे. माझा विद्यार्थी तर कंपनीच्या बाजूला आहे.

तथागतांनी उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रांचा, माणसांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. त्यात वकिली नाही. मग विष विकणाऱ्याची वकिली? मी पुष्कळ दिवस या शब्दावर अडखळलो. शेवटी असे वाटले की आरोप झालेल्या प्रत्येकाला, मग तो कितीही मोठा वा वाईट असो, वकील मिळालाच पाहिजे. आपल्या वकील परिषदेचा नियमही सांगतो की योग्य फी मिळत असेल तर खास कारणाशिवाय वकिलाने काम नाकारू नये. हा नियम मोडला तर त्याचा पहिला फटका आपल्यालाच बसेल, कारण गावाने वाळीत टाकलेल्या माणसाचे काम घ्यायला कोणी धजणार नाही. तेव्हा कंपनीची बाजू घेणे हे पाप नव्हे. बाजू कशी घेतली, हे मात्र पाहिले पाहिजे.

भोपाळच्याच प्रकरणात न्यूयॉर्कच्या न्यायालयात एक विलक्षण देखावा झाला. भारत सरकार म्हणत होते की भारतातली न्यायालये हा दावा पेलू शकणार नाहीत. कंपनी म्हणत होती की भारतातली न्यायालये उत्तम आहेत. कंपनीच्या बाजूने मुंबईचे नामवंत विधिज्ञ नानी पालखीवाला यांनी शपथपत्र दिले की भारतीय न्यायव्यवस्था समर्थ आहे. न्यायाधीश कीनन यांनी मे 1986 मध्ये दावा भारतात पाठवला आणि तो अमेरिकेत ठेवणे हे साम्राज्यवादाचेच आणखी एक उदाहरण होईल असे लिहिले. ऐकायला किती चांगले वाटते! कीनन यांनी दावा पाठवताना कंपनीवर एक अट घातली होती की तिने अमेरिकेच्या पद्धतीने आपले कागद खुले करावेत. ती एकतर्फी अट वरच्या न्यायालयाने जानेवारी 1987 मध्ये काढून टाकली. कंपनीचे प्रमुख वॉरेन अँडरसन भोपाळच्या फौजदारी न्यायालयापुढे शेवटपर्यंत हजर झाले नाहीत. 2014 साली ते अमेरिकेतच वारले. 'उत्तम' न्यायालयाचे बोलावणे आले तेव्हा ही गत झाली.

पालखीवालांनी खोटे सांगितले असे मी म्हणणार नाही. आपल्या देशाच्या न्यायालयांविषयीचा त्यांचा अभिमान खरा असेल. पण धम्मात वाणी केवळ खरी असून भागत नाही; ती हिताची असावी आणि वेळेवर बोललेली असावी, असेही तथागतांनी सांगितले आहे. खरे वाक्य कोणत्या दारात, कोणाच्या हातात दिले आणि त्याने कोणाचे दार बंद झाले, याचा हिशेब बोलणाऱ्याकडेच राहतो. सीमेपलीकडे गेलेल्या वाक्याचा हिशेब ठेवणे तर आणखी कठीण, कारण त्याचा परिणाम बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घडत नाही.

एवढा विचार झाल्यावर मी त्या विद्यार्थ्याला पुन्हा बोलावले. दिवाळीच्या सुट्टीत तो आला. मी त्याला विचारले, तू ज्या खुणा करतोस त्यांचे पुढे काय होते? त्याने समजावून सांगितले. अमेरिकेतल्या दाव्यात दोन्ही बाजूंना दाव्याशी संबंधित कागद एकमेकांना दाखवावे लागतात. कोणता कागद संबंधित, कोणता वकील-पक्षकारातला खासगी म्हणून राखून ठेवायचा, याची पहिली चाळणी त्याच्या कचेरीत होते. त्याच्यावर वरिष्ठ आहेत, त्यांच्यावर तिकडचे वकील आहेत. पण रोजच्या शेकडो कागदांपैकी बहुतेक पुन्हा कोणी उघडून पाहत नाही.

"म्हणजे एखादा कागद कंपनीला नडणारा आहे आणि तू 'बिनकामाचा' म्हणून खूण केलीस तर तो त्या मजुरांच्या वकिलाला कधीच दिसणार नाही?"

"नाही दिसणार."

"आणि बरोबर खूण केलीस तर?"

"तर नियमाने तो द्यावाच लागेल, सर. पण तसं कोणी सांगत नाही. फक्त म्हणतात, शंका आली तर राखून ठेवा."

मी त्याला नोकरी सोड म्हटले नाही. त्याच्यावर शिक्षणाचे कर्ज आहे, धाकटी बहीण नर्सिंगला आहे. कागद चोरून बाहेर दे असेही म्हटले नाही. ज्याच्या विश्वासावर कागद हाती आले त्याचा विश्वास मोडणारा उद्या आपल्या पक्षकाराचाही मोडेल. मी एवढेच म्हटले की खूण खरी कर. शंका आली तर तुझी शंका लेखी वर पाठव, आणि खोटी खूण कर असे कोणी तोंडाने सांगितले तर त्या दिवशी उठून ये. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, हे बोलायला सोपं आहे." खरे होते. मीही गप्प राहिलो.

वडील ओसरीवर बसून आमचे ऐकत होते. त्यांनी आत जाऊन पत्र्याच्या पेटीतून जुनी कागदांची गुंडाळी आणली आणि त्या मुलापुढे धरली. त्यात त्या पुरसीसेची नक्कल होती. मी पदवीधर झालो तेव्हा ती एकदा वाचली होती, पण वाचून मला इतका राग आला होता की वडिलांना ती नीट समजावून सांगायचे राहूनच गेले, हे आज लिहिताना लाज वाटते. त्या मुलाने कागद सरळ केला आणि एकेक ओळ वाचून वऱ्हाडीत सांगायला सुरुवात केली. मोजणीत धुरा कुठे निघाला, शेजाऱ्याची विहीर कुठे, दावा लांबला असता तर मोजणीचा खर्च किती वाढला असता, पट्टीच्या बदल्यात आपल्या बैलगाडीला कायमची वाट कशी मिळाली. ती वाट आम्ही इतकी वर्षे वापरत होतो. ती कुठून आली हे घरात कोणालाच माहीत नव्हते. अर्धा तास गेला. वडील मध्येच थांबवत, पुन्हा विचारत.

सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "एवढंच व्हतं? तवा सांगितलं असतं तं म्या हो म्हटलं असतं."